भिंतीवरचे सर्टिफिकेट



गेल्या महिन्यात आमच्या कुपत होलिममध्ये मी आणि शेजारच्या एक बाई नंबर लागायची वाट पाहत बसलो होतो. डॉक्टरांच्या खोलीचे दार अर्धे उघडे होते. आतल्या भिंतीवर त्यांचे चौकटीतले सर्टिफिकेट दिसत होते. कागद पिवळा पडलेला, तारीख 1981. बाईंनी चष्मा सावरून ते पाहिले आणि मला हळूच विचारले, “सिस्टरबाई, हे अजून चालतं का हो?”

मला हसू आले. मग वाटले, प्रश्न काही वेडा नाही. दुधाच्या पिशवीवर तारीख असते, गोळ्यांच्या पाकिटावर असते. आमच्या ह्यांना सत्तरीनंतर गाडीचा परवाना चालू ठेवायला डोळे तपासून घ्यावे लागले आणि डॉक्टरांची सही आणावी लागली. मग डॉक्टरांच्या परवान्यावर कोण सही करतो?

इस्राएलमध्ये कोणी करत नाही. येथे डॉक्टरचा रिश्योन मिस्राद हाब्रिऊतकडून एकदा मिळाला की तो जन्मभर चालतो. तो मिळवायला कष्ट फार पडतात. कित्येक वर्षांचे शिक्षण, मग इस्पितळात स्ताज, बाहेरदेशी शिकून आलेल्यांना सरकारी परीक्षा. पुढे मुम्खे व्हायचे असेल तर आणखी काही वर्षे आणि दोन मोठ्या परीक्षा. पण त्यानंतर अमुक वर्षांनी पुन्हा परीक्षा द्या, तमुक तास शिकल्याचा दाखला दाखवा, नाहीतर परवाना बंद, अशी सक्ती नाही. परवाना काढून घेता येतो, पण त्यासाठी गुन्हा किंवा गैरवर्तन घडावे लागते, नाहीतर काम करता येणार नाही असे आजारपण यावे लागते. ज्ञान जुने झाले म्हणून तो कोणी काढून घेत नाही.

कोणी गैरसमज करून घेऊ नये. रात्रपाळीला दोन वाजता कॉफीचा कप बाजूला ठेवून वैद्यकीय मासिक वाचणारे डॉक्टर मी डोळ्यांनी पाहिले आहेत. बहुतेक डॉक्टर मनापासून शिकत राहतात. जे राहत नाहीत त्यांचे काय, एवढाच प्रश्न आहे.

आधी माझेच सांगते. मी मराठी शाळेत शिकले. मुंबईत नर्सिंग शिकताना इंग्रजीशी झगडले आणि इकडे आल्यावर उलपानात बसून उजवीकडून डावीकडे लिहायला शिकले. सरकारी परीक्षा दुसऱ्या खेपेला पास झाले. त्या दिवशी हातात पडलेल्या कागदावर मी पेन्शनीपर्यंत काम केले. मला पुन्हा कोणी परीक्षेला बसवले नाही. हिश्ताल्मुत होत असत, नाही असे नाही. पण वॉर्डात माणसे कमी असली की हेडनर्स कोणाला सोडणार? (केरेन हिश्ताल्मुत तर आपल्या सर्वांची होती. नावाप्रमाणे तो पैसा शिकण्यासाठी. आमच्या घरी त्यातून फ्रिज आला आणि मुलीचे लग्न झाले.)

मध्ये काही वर्षे मी तिपत हलावमध्ये होते. तेव्हा नव्या आयांना मी ठासून सांगत असे की बाळाला पालथे निजवा, म्हणजे दूध उलटले तरी घशात अडकणार नाही. मला तसेच शिकवले होते. कोकणातून आलेल्या आपल्या आज्या बाळाला पाळण्यात उताणे निजवत. त्या माझ्याकडे संशयाने बघत आणि मी त्यांना अडाणी समजत असे. मग निरनिराळ्या देशांतल्या अभ्यासांतून दिसले की पालथ्या निजणाऱ्या बाळांना झोपेतच अचानक मरण येण्याचा धोका जास्त असतो. इंग्लंडमध्ये 1991 साली आणि अमेरिकेत 1994 साली बाळाला उताणे निजवण्याची मोहीम सुरू झाली आणि असे मृत्यू पुष्कळ कमी झाले. मला ही गोष्ट एका तरुण नर्सकडून चहा पिताना कळली. माझ्या हातच्या कोणा बाळाला काही झाल्याचे मला ठाऊक नाही. पण ज्या आज्यांना मी गप्प बसवले त्यांची तोंडे अजून आठवतात.

आता आमच्या ह्यांची गोष्ट. ह्यांना वीस वर्षांहून जास्त काळ डायबिटीस आहे. आमचे तेव्हाचे डॉक्टर फार प्रेमळ, घरच्यासारखे. त्यांनी पहिल्यापासून ग्लिबेनक्लामाइड नावाची गोळी दिली होती आणि ती छान लागू पडली होती. मिर्शाम संपले की सेक्रेटरीला फोन करायचा, नवे तयार. वर्षे गेली. हे अठ्ठ्याहत्तरचे झाले, जेवण निम्म्यावर आले, मूत्रपिंडाचे आकडे थोडे बिघडले. गोळी तीच, तेवढीच.

एका रात्री तीनच्या सुमारास मला जाग आली तर अंथरूण घामाने ओले. हे काहीतरी बरळत होते आणि मला त्यांच्या बहिणीच्या नावाने हाक मारत होते. बोट टोचून पाहिले तर साखर 42. गिळता येत होते म्हणून साखरेचे पाणी थोडे थोडे पाजले आणि 101 ला फोन केला. इस्पितळात साखर वर आली तरी त्यांनी घरी सोडले नाही, कारण ह्या गोळीचा असर लांबतो आणि साखर पुन्हा खाली जाऊ शकते. सकाळी आलेली डॉक्टरीण माझ्या नातीएवढी. गोळ्यांची यादी वाचून ती म्हणाली, “आजी, ही गोळी आम्ही ह्या वयात आता देत नाही.” मूत्रपिंड मंदावले की हे औषध अंगात साठत जाते. म्हाताऱ्या माणसांना जपून द्यायच्या किंवा टाळायच्या औषधांची एक यादी अमेरिकेत 1991 साली डॉ. मार्क बीअर्स यांनी पुढे आणली. ती वेळोवेळी सुधारतात आणि जगभरचे डॉक्टर वापरतात. ही गोळी त्या यादीत आहे.

आठवड्याभराने मी आमच्या डॉक्टरांना भेटायला गेले. भांडायच्या तयारीनेच गेले होते. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “वीस वर्षं त्यांना बरं वाटत होतं. मला बदलावंसं वाटलं नाही.” त्यांना मी काय बोलणार? चाळीस वर्षे नर्स असलेली मी, दर शुक्रवारी सात खणांच्या डब्यात ती गोळी माझ्याच हाताने भरत होते. तिच्या पाकिटातला कागद मी एकदाही उघडून वाचला नव्हता.

तेव्हापासून बाकीच्या देशांत काय करतात याची मी चौकशी करू लागले.

महाराष्ट्रात डॉक्टरांना महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे दर 5 वर्षांनी नोंदणी नवी करावी लागते आणि त्यासाठी 30 गुण जमवावे लागतात. परिषदांना आणि व्याख्यानांना हजर राहिले की गुण मिळतात. माझा भाचा ठाण्याला डॉक्टर आहे. त्याला फोनवर विचारले तर तो हसला. “मावशी, रविवारी हॉटेलात जायचं, सही करायची, दोन भाषणं ऐकायची, जेवायचं. पण खरं सांगू? त्यातल्या एखाद्या भाषणानं माझं औषध बदललंय.”

इंग्लंडमधले नियम जास्त कडक आहेत. तेथे हॅरॉल्ड शिपमन नावाच्या फॅमिली डॉक्टरला 2000 साली आपल्याच 15 रुग्णांच्या खुनाबद्दल शिक्षा झाली. बळी पडलेल्या बहुतेक वयस्कर बायका होत्या आणि हा माणूस गावात लोकप्रिय होता. त्याचा परवाना शेवटपर्यंत चालू होता. असा राक्षस व्याख्यानांच्या तासांनी सापडत नाही हे खरेच. पण त्यानंतरच्या मोठ्या चौकशीमुळे डॉक्टरांवर देखरेख कोण ठेवतो हा प्रश्न कोणाला टाळता आला नाही. डिसेंबर 2012 पासून तेथील प्रत्येक डॉक्टरला दर 5 वर्षांनी परवाना टिकवण्यास आपण लायक आहोत हे दाखवावे लागते. दरवर्षी आढावा होतो आणि रुग्णांचे व सहकाऱ्यांचे मतही घेतले जाते. नर्सेसनासुद्धा 2016 पासून दर 3 वर्षांनी 450 तास काम आणि 35 तास शिक्षण दाखवावे लागते. शिवाय आपल्या कामावर विचार करून पाच टिपणे लिहावी लागतात. लंडनची माझी पुतणी ती टिपणे लिहिताना मला फोन करून कुरकुरते. मी तिला म्हणते, लिही. मला कोणी लिहायला लावले असते तर मी ती बाळे लवकर उलथी केली असती.

मग म्हातारे डॉक्टर वाईट आणि तरुण चांगले, असे आहे का? अमेरिकेत 2017 साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. इस्पितळात दाखल झालेल्या 65 च्या पुढच्या रुग्णांचे 30 दिवसांत काय झाले ते त्यात पाहिले होते. चाळिशीच्या आतल्या डॉक्टरांच्या शंभर रुग्णांमागे सुमारे 10.8 मृत्यू झाले आणि साठी ओलांडलेल्यांच्या हातून 12.1. पण जे वयस्कर डॉक्टर भरपूर रुग्ण पाहत होते त्यांच्या बाबतीत हा फरक दिसला नाही. म्हणजे नुसत्या जन्मतारखेवर जाऊ नये.

माझे मत विचाराल तर इस्राएलमध्येही काहीतरी सक्ती असावी. सही करून जेवून येण्यापुरती नको. आपल्या कामाकडे दुसऱ्या कोणीतरी पाहावे, अशी हवी. दक्षिणेत डॉक्टर आधीच कमी आहेत, आणखी कागदपत्रे लादली तर असलेलेही काम सोडतील, असे काहीजण म्हणतात. दिमोनाच्या किंवा येरूहामच्या माणसाला ही भीती खोटी वाटणार नाही. तरीपण.

तोवर आपल्या हातात काय आहे? मिस्राद हाब्रिऊतच्या इंटरनेटवरील नोंदवहीत डॉक्टरचे नाव किंवा परवान्याचा क्रमांक घालून पाहता येते. परवाना खरा आहे का आणि तो कोणत्या विषयाचा मुम्खे आहे, ते दिसते. नातवंडांना सांगा, दोन मिनिटांचे काम आहे. तो शेवटचे केव्हा शिकला हे मात्र तेथे दिसणार नाही. रुग्णाच्या हक्कांचा कायदा 1996 साली झाला. आपल्यावर उपचार करणारा कोण हे जाणण्याचा आणि दुसऱ्या डॉक्टरचे मत घेण्याचा हक्क त्याने आपल्याला दिला आहे. दुसरे मत घेणे म्हणजे पहिल्याचा अपमान करणे नव्हे. आपल्या लोकांना हे जड जाते, मला माहीत आहे. डॉक्टरसाहेबांना वाईट वाटेल म्हणून आपण गप्प बसतो.

वर्षातून एकदा सगळी औषधे, कपाटातली जुनीसुद्धा, एका पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या आणि विचारा: “डॉक्टर, माझ्या आजच्या वयाला आणि आजच्या मूत्रपिंडाला यातली कुठली अजून लागते?” साखरेच्या गोळ्यांबद्दल विचारा. झोपेच्या गोळ्यांबद्दल तर विचाराच, त्यांनी रात्री उठताना तोल जातो. रोजच्या छोट्या ॲस्पिरिनबद्दल विचारा. ज्यांना हार्ट अटॅक वा स्ट्रोक कधीच आला नाही अशा, बहुतेक सत्तरीपुढच्या, 19,000 हून अधिक निरोगी माणसांवर ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत अभ्यास झाला. 2018 साली त्याचा निकाल आला. ॲस्पिरिनने त्यांचा फायदा झाला नाही, रक्तस्राव मात्र वाढला. पण ज्यांना स्टेंट आहे, अटॅक किंवा स्ट्रोक येऊन गेला आहे, त्यांनी ॲस्पिरिन सोडू नये. आणि कोणतीही गोळी हे वाचून घरच्या घरी बंद करू नये. काही गोळ्या एकदम थांबवल्या तर जास्त घात होतो.

आपल्याच देशातले वृद्धांचे डॉक्टर दोरोन गारफिंकेल यांनी घरी राहणाऱ्या 70 वृद्धांची औषधे अशीच एकेक करून तपासली होती. सरासरी प्रत्येकी जवळजवळ आठ औषधे होती. त्यांतली निम्म्याहून जास्त थांबवावीत असे त्यांनी सुचवले, आणि त्यानंतर बहुतेकांना बरे वाटू लागले. हे 2010 साली छापून आले आहे.

शेजारच्या बाईंना मी त्या दिवशी एवढे सगळे सांगू शकले नाही, त्यांचा नंबर लागला. बाहेर आल्या तेव्हा म्हणाल्या, “मी विचारलं त्यांना. झोपेची गोळी हळूहळू कमी करू या म्हणाले. आणि काय हो, ते मुळीच रागावले नाहीत.”

आमचे जुने डॉक्टर आता निवृत्त झाले. सणासुदीला हे त्यांना फोन करतात, मीही दोन शब्द बोलते. सात खणांचा डबा तोच आहे, आता त्यात सकाळच्या दोनच गोळ्या असतात.