गेटपासून पोर्चपर्यंत : गोष्ट खडीची

मी कॉन्व्हेंटमधली, त्यामुळे ‘ग्रॅव्हल’ आधी पुस्तकात भेटली. खडी, मुरूम, ब्रास हे शब्द शिकवले गावाकडच्या मुकादमांनी. घरासमोर गाडीपुरता रस्ता करायचा होता. काकांना नदीतले गुळगुळीत गोटे हवे होते. दिसतात छानच! पण गोल गोटे एकमेकांत अडकत नाहीत. चाक फिरलं की सरकतात, आणि त्यांच्यावर आजोबांची काठीही घसरते. क्रशरची काळ्या दगडाची खडी कोनदार असते. दाबली की घट्ट बसते. स्कॉटलंडच्या मॅकॅडमने (१७५६–१८३६) रस्ते बांधले ते याच तत्त्वावर. गोटे शेवटी तुळशीवृंदावनाभोवती गेले.

आता करायचं कसं? आधी वरची काळी माती काढा. ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि खडी गिळून टाकते. तिच्या जागी चार इंच मुरूम, पाणी मारून रोलर. मग ४० मि.मी. खडी तीन इंच, पुन्हा रोलर. सर्वांत वर २० मि.मी. खडीचा दीड-दोन इंच थर. जाड केलात तर टू-व्हीलर रुतते. दोन्ही कडांना दगड पुरा, नाहीतर खडी अंगणभर!

हिशोब सोपा आहे. ४० फूट लांब, १० फूट रुंद, तीन इंच थर म्हणजे १०० घनफूट, म्हणजेच एक ब्रास. दाबल्यावर थर बसतो, म्हणून थोडी जास्तच मागवा.

आणि ढाळ विसरू नका. मध्यभाग कडांपेक्षा दोन इंच उंच हवा. खडी कितीही भारी आणा, खाली पाणी साचलं की रस्ता गेलाच. खोटं वाटत असेल तर जुलैत आपल्या हॉस्टेलमागचं पार्किंग बघा!