दात चालू लागतात तेव्हा

दातांना तार बसवताना फारसं दुखत नाही. दुखतं ते रात्री. सकाळी पोळीचा घास चावताना दात हलताहेत असं वाटतं, आणि ते खरंच हलत असतात. दात हाडात चिणलेला नसतोच. मुळाभोवती जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचं तंतूंचं अस्तर असतं. तारेने दात रेटला की दाबाच्या बाजूचं हाड काही पेशी कुरतडतात. मागच्या बाजूला दुसऱ्या पेशी नवं हाड भरतात. वेग महिन्याला साधारण 1 मिलिमीटर! म्हणून तर दीड-दोन वर्षं लागतात. घाईने जोर वाढवला तर मुळंच झिजू शकतात.

पहिली तार बहुधा निकेल-टायटॅनियमची. वाकवा, ती हट्टाने सरळ होऊ पाहते. तोच हट्ट दात ओढतो.

ठणका आठवड्याभरात ओसरतो. तोवर मऊ खिचडी. तार धरणारं, दातावर चिकटवलेलं ब्रॅकेट गालाला टोचलं तर ते कोरडं करून, मटाराएवढं मेण बोटांत मळून त्यावर दाबायचं. ऊस, चिक्की बंद. पेरू मात्र बारीक फोडी करून खावा, अगदी पिकलेला असेल तर.

तार निघाली की दात नव्या जागी धरून ठेवणारा रिटेनर. तो डबीत ठेवला, तर दात मुकाट जुन्या जागेकडे निघतात.