वेणांच्या वेळी सोबत आणि शमन

विश्रांतवाडी, धानोरी, कळस, टिंगरेनगर या भागात आज अनेक तरुण कुटुंबे स्वतंत्र सदनिकांत राहतात. घरात दोघेच, सासर एका गावी, माहेर दुसऱ्या. नववा महिना लागताच रुग्णालय, खर्च, बाळाची दुपटी यांची चर्चा होते. कळा सुरू झाल्यावर त्या स्त्रीजवळ कोण थांबणार आणि वेदना असह्य झाल्यास काय करायचे, हे दोन प्रश्न मात्र बहुधा अखेरच्या रात्रीपर्यंत कोणी विचारीत नाही.

‘बाईच्या जातीला हे सोसावेच लागते’ हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या ऐकविले गेले आहे. त्यामागे आकस नसतो. सांगणारी स्वतः ते सोसून आलेली असते. तरीही सहनशीलतेची स्तुती आणि उपचाराची उपेक्षा यांत अंतर आहे. तप हे स्वेच्छेने स्वीकारलेले असते. दुसऱ्याने लादलेल्या वेदनेला तपाचे नाव देता येत नाही. कल्पसूत्रातील कथा या संदर्भात मननीय आहे. आपल्या हालचालीने मातेला पीडा होऊ नये म्हणून भगवान महावीर गर्भात निश्चल राहिले. त्या निश्चलतेनेच त्रिशलामाता व्याकूळ झाल्या, तेव्हा त्यांनी पुन्हा हालचाल केली. मातेच्या देहाची आणि मनाची अशी दुहेरी काळजी या कथेत आहे.

इतिहासाची साक्ष

प्रसूतीत वेदनाशमन करावे की नाही, हा वाद जुना आहे. एडिंबरा येथील डॉ. जेम्स यंग सिम्प्सन यांनी १८४७ मध्ये प्रसूतीसाठी प्रथम ईथर व नंतर क्लोरोफॉर्म वापरले, तेव्हा धर्माच्या नावाने आक्षेप घेतले गेले. १८५३ मध्ये राणी व्हिक्टोरिया यांना राजपुत्र लिओपोल्डच्या जन्मावेळी डॉ. जॉन स्नो यांनी क्लोरोफॉर्म दिले आणि विरोधाची धार बोथट झाली.

पुण्याला या विषयाचे एक जवळचे स्मरण आहे. डॉ. आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी माता झाल्या. बाळ अवघे दहा दिवस जगले. त्या दुःखातून वैद्यकशिक्षणाची ओढ निर्माण झाली. १८८६ मध्ये अमेरिकेत पदवी घेताना त्यांनी प्रबंधासाठी निवडलेला विषय प्रसूतिशास्त्राचाच होता. पुढील वर्षी फेब्रुवारीत पुण्यात त्यांचे निधन झाले.

सोबतीचे सामर्थ्य

पाठ चोळणारी, घोटभर पाणी देणारी, ‘झालंच आता’ म्हणणारी अनुभवी बाई पूर्वी घरात असे. प्रसूती रुग्णालयात गेली, सुरक्षितता वाढली. पण ती बाई दाराबाहेर राहिली. १७ देशांतील २६ चाचण्यांच्या एकत्रित परीक्षणात, १५ हजारांहून अधिक स्त्रियांच्या माहितीवरून, असे दिसले की अखंड सोबत मिळालेल्या स्त्रियांची नैसर्गिक प्रसूती होण्याची शक्यता वाढते, कळांचा काळ काहीसा कमी होतो आणि शस्त्रक्रियेची गरजही घटते.

भारत सरकारने २०१६ मध्ये सार्वजनिक रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवण्यास मान्यता दिली. स्वतः प्रसूतीचा अनुभव घेतलेली नातेवाईक स्त्री त्यासाठी अपेक्षित आहे. खासगीपणा राखला जात असेल तेथे पतीही थांबू शकतो. सोबतीणीला संसर्गजन्य आजार नसावा, तिने स्वच्छ कपडे घालावेत आणि डॉक्टर-परिचारिकांच्या कामात हस्तक्षेप करू नये, अशी बंधने आहेत.

सोबतीणीचे काम साधे आहे. कळ आली की कंबरेवर तळहाताने दाब द्यावा, श्वास संथ ठेवण्याची आठवण करावी, डॉक्टरांची परवानगी असेल तर चालण्यास किंवा कुशी बदलण्यास मदत करावी. ‘अमकीला दोन तासांत झाले’ अशी तुलना मात्र टाळावी. पहिल्या खेपेस गर्भाशयाचे मुख पाच सेंटिमीटर उघडल्यानंतरही बारा तासांपर्यंत वेळ लागू शकतो.

औषधोपचार

वेदनाशमनाचा सर्वांत प्रभावी मार्ग म्हणजे एपिड्युरल. भूलतज्ज्ञ कंबरेच्या मणक्यांमधून मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरील जागेत बारीक नळी बसवतात आणि तिच्यातून औषध देत राहतात. स्त्री शुद्धीवर असते, बाळाचे पहिले रडणे ऐकते.

त्याविषयीचे दोन गैरसमज दूर व्हावेत. एपिड्युरलमुळे सिझेरियनचे प्रमाण वाढत नाही, आणि कायमची कंबरदुखीही जडत नाही. मर्यादा आहेत त्याही जाणून घ्याव्यात : रक्तदाब उतरणे, ताप, अंगाला खाज, लघवीस अडचण, शेवटचा टप्पा लांबणे आणि क्वचित तीव्र डोकेदुखी. रक्त गोठण्याचा दोष असल्यास किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास तो देता येईलच असे नाही. याशिवाय वेदनाशामक इंजेक्शने आणि नायट्रस ऑक्साइड व ऑक्सिजन यांचे हुंगण्याचे मिश्रण हेही पर्याय आहेत. मात्र सर्वच ठिकाणी ते उपलब्ध नसतात.

आधी विचारावयाचे प्रश्न

आठव्या महिन्यातील तपासणीतच डॉक्टरांशी बोलावे. भूलतज्ज्ञ रात्रीही उपलब्ध असतात का? एपिड्युरलचा खर्च वेगळा आहे का? प्रसूतिकक्षात सोबत कोण थांबू शकेल? कळांच्या काळात पाणी व हलका आहार चालेल का? रात्रीभोजनाचा त्याग किंवा उकळलेल्या पाण्याचा नियम असणाऱ्या भगिनींनी हा शेवटचा प्रश्न अवश्य विचारावा. जोखीम नसलेल्या प्रसूतीत खाण्यापिण्यास जागतिक आरोग्य संघटनेची अनुकूलता आहे. दीर्घ कळांत शरीराला शक्ती लागते. आपला नियम आणि प्रकृती यांचा मेळ गुरुजनांच्या सल्ल्याने आधीच घालून ठेवल्यास ऐनवेळी मनाची ओढाताण होत नाही.

खर्चाची विवंचना असणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून सरकारी रुग्णालयांत प्रसूती, सिझेरियनसह, विनामूल्य आहे. तातडीच्या प्रसंगी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

एखादी भगिनी औषधाविना प्रसूत होऊ इच्छिते, दुसरी पहिल्या तीव्र कळेलाच एपिड्युरल मागते. दोघींचेही मातृत्व तेवढेच. घरच्यांनी माहिती द्यावी, सोबत द्यावी आणि निर्णय तिचा मानावा. पुढे वर्षानुवर्षे तिच्या स्मरणात राहते ती त्या घटकेला मिळालेली वागणूक; ती मायेची असावी, इतके तर प्रत्येक घराच्या हाती आहे.