केसांचे कंडिशनर

केसांचे कंडिशनर हे केस धुतल्यानंतर त्यांच्या पृष्ठभागावर पातळ लेप बसवणारे सौंदर्यप्रसाधन आहे. या लेपामुळे केसांमधील घर्षण कमी होते, गुंता सहज सुटतो, विंचरताना केस तुटण्याचे प्रमाण घटते आणि केसांना चमक येते. कोरड्या आणि रासायनिक रंग लावलेल्या केसांना त्याची गरज विशेष भासते, कारण अशा केसांवरील मूळचा स्निग्ध थर झिजलेला किंवा नष्ट झालेला असतो. त्वचेबाहेर आलेला केस ही निर्जीव रचना असल्यामुळे कंडिशनर केसांचे पोषण करत नाही किंवा त्यांची झीज कायमची भरून काढत नाही. तो नाहीशा झालेल्या थराची तात्पुरती जागा घेतो. कंडिशनरची योग्य निवड म्हणजे केसांची जेवढी झीज झाली आहे तेवढाच लेप देणाऱ्या उत्पादनाची निवड होय.

## केसांची रचना आणि कोरडेपणा

केस मुख्यतः केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो. त्याचा आतील मोठा भाग कॉर्टेक्स या नावाने ओळखला जातो. केसांची बळकटी आणि नैसर्गिक रंग या भागावर अवलंबून असतो. कॉर्टेक्सभोवती क्युटिकल हे संरक्षक आवरण असते. छपरावरील कौलांप्रमाणे एकमेकांवर चढलेल्या चपट्या पेशींचे ते बनलेले असून मानवी केसात अशा पेशींचे साधारण पाच ते दहा थर आढळतात. सर्वांत बाहेरच्या पृष्ठभागावर १८-मिथाइलआयकोसॅनॉइक आम्ल या मेदाम्लाचा अतिशय पातळ थर रासायनिक बंधाने जोडलेला असतो. तो पाणी दूर ठेवतो आणि केस एकमेकांवरून सहज घसरू देतो.

केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतो. त्यामुळे ४० सेंटीमीटर लांब केसाचे टोक सुमारे तीन वर्षांचे असते. या काळात ऊन, विंचरणे, धुणे, टॉवेलने घासणे आणि हेअर ड्रायरची उष्णता यांमुळे क्युटिकलचे खवले उचलले जातात व तुटतात. टाळूतून स्रवणारे नैसर्गिक तेलही लांब केसांच्या टोकापर्यंत पुरेसे पोहोचत नाही. म्हणूनच मुळाशी तेलकट आणि टोकाशी कोरडे असे केस अनेकांचे असतात.

'कोरडे केस' या शब्दप्रयोगावरून केसांत पाणी कमी असावे असा समज होतो, परंतु तो पूर्णपणे बरोबर नाही. क्युटिकल झिजलेला केस निरोगी केसापेक्षा अधिक पाणी शोषतो, अधिक फुगतो आणि दमट हवेत अधिक विस्कटतो. बोटांना जाणवणारा कोरडेपणा हा प्रामुख्याने खडबडीत पृष्ठभागाचा आणि वाढलेल्या घर्षणाचा परिणाम असतो. केवळ पाणी दिल्याने तो जात नाही. त्यासाठी पृष्ठभाग पुन्हा गुळगुळीत करावा लागतो.

## रंगामुळे होणारे बदल

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ युजीन श्युएलर यांनी १९०७ मध्ये केसांसाठी कृत्रिम रंग तयार केला आणि १९०९ मध्ये कंपनी स्थापन केली. हीच कंपनी पुढे लोरेआल या नावाने प्रसिद्ध झाली. आजच्या टिकाऊ रंगांत साधारणपणे तीन गोष्टी असतात: अमोनियासारखा अल्कधर्मी पदार्थ, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि रंगाची पूर्वगामी संयुगे. अल्कधर्मी पदार्थामुळे केस फुगतो व क्युटिकलमधून आत जाण्यास वाट मिळते. पेरॉक्साइड मूळचे मेलॅनिन फिकट करते. तसेच त्याच्या साहाय्याने लहान रेणूंपासून मोठे रंगीत रेणू तयार होतात. हे मोठे रेणू केसात अडकून राहतात.

याच प्रक्रियेत केसांच्या पृष्ठभागावरील मेदाम्लाचा थर सुटून जातो. केराटिनमधील काही डायसल्फाइड बंध तुटून त्यांच्या जागी ऋणभारित गट तयार होतात. परिणामी पूर्वी पाणी झटकणारा केस आता पाणी ओढून घेऊ लागतो. ब्लीच केलेल्या केसांत हा बदल सर्वाधिक तीव्र असतो. प्रत्येक वेळी पाणी आत-बाहेर होताना रंगाचे काही रेणूही बाहेर पडतात. त्यामुळे रंग उतरण्यास केवळ शाम्पू नव्हे, तर वारंवार होणारा पाण्याचा संपर्कही कारणीभूत ठरतो. ऊनही रंग फिका करते.

मेंदीचा परिणाम वेगळा असतो. तिच्यातील लॉसोन हे रंगद्रव्य अमोनिया किंवा पेरॉक्साइडशिवाय केराटिनला चिकटते. तरीही मेंदीनंतर केस काहीसे राठ लागू शकतात. बाजारात 'काळी मेंदी' म्हणून विकल्या जाणाऱ्या काही चूर्णांत पॅराफिनिलीनडायमाइन हा रासायनिक रंगघटक मिसळलेला असतो. असे चूर्ण शुद्ध मेंदीच्या वर्गात मोडत नाही.

## कार्यपद्धती

कंडिशनरचे कार्य विद्युतभारांच्या आकर्षणावर आधारलेले आहे. पाण्याने भिजलेल्या केसांचा पृष्ठभाग सामान्यतः ऋणभारित असतो, तर कंडिशनरमधील प्रमुख घटकांचे रेणू धनभारित असतात. रेणूचे धनभारित टोक केसाला चिकटते आणि लांब स्निग्ध शेपटी बाहेरच्या बाजूस राहते. कपडे मऊ करणाऱ्या द्रवांतही याच वर्गातील संयुगे वापरली जातात.

झिजलेल्या किंवा रंगवलेल्या भागावर ऋणभार अधिक असल्यामुळे तेथे लेपही अधिक बसतो. याचा अर्थ, जेथे गरज जास्त तेथे कंडिशनर आपोआप जास्त चिकटतो. बहुतेक कंडिशनर आम्लधर्मी असतात. अशा पीएचमध्ये केस कमी फुगतो.

## इतिहास

केसांना तेल लावण्याची प्रथा अनेक संस्कृतींत प्राचीन आहे. 'शाम्पू' हा इंग्रजी शब्द हिंदीतील 'चाँपना' या क्रियापदावरून आला असून त्याचा मूळ अर्थ दाबणे, मालिश करणे असा होता. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये मकासार तेल लोकप्रिय होते. त्या तेलाचे डाग खुर्च्यांच्या पाठीवर पडू नयेत म्हणून त्यांवर कापड टाकण्याची पद्धत पडली.

साबणाने केस धुतल्यास दुष्फेन पाण्यातील क्षारांशी संयोग होऊन चिकट साका उरतो. १९३० च्या दशकात अमेरिकेत संश्लेषित अपमार्जकांवर आधारित शाम्पू आले आणि हा प्रश्न सुटला. मात्र ते केसांवरील तेल इतके काढून टाकत की केस विंचरणे कठीण होई. ही उणीव भरून काढण्यासाठी धनभारित संयुगे असलेली धुऊन टाकण्याची क्रीम प्रचारात आली. १९८० च्या दशकात सिलिकोनच्या साहाय्याने शाम्पू व कंडिशनर एकत्र असलेली उत्पादने बाजारात आली.

## प्रमुख घटक

* धनभारित संयुगे: सेट्रिमोनियम क्लोराइड, बेहेनट्रिमोनियम क्लोराइड, बेहेनट्रिमोनियम मेथोसल्फेट, स्टिअरामिडोप्रोपिल डायमेथिलअमाइन इत्यादी. कंडिशनरचा मुख्य परिणाम यांच्यामुळे होतो. बेहेनट्रिमोनियम संयुगांची कार्बन शृंखला लांब असल्याने ती जाड व कोरड्या केसांना अधिक उपयुक्त ठरतात.
* मेदजन्य अल्कोहोल: सेटिल, स्टिअरिल आणि सेटिअरिल अल्कोहोल. नावात अल्कोहोल असले तरी हे मेणासारखे स्निग्ध पदार्थ आहेत व ते केस कोरडे करत नाहीत.
* सिलिकोन: डायमेथिकोन केसांना चमक व निसरडेपणा देते. अमोडायमेथिकोनमध्ये अमाइन गट असल्याने ते झिजलेल्या भागाला अधिक चिकटते.
* बहुवारिके: सेल्युलोजपासून बनवलेले पॉलिक्वाटर्नियम-१० तसेच गवारीच्या बियांतील डिंकापासून मिळणारे ग्वार हायड्रॉक्सिप्रोपिलट्रिमोनियम क्लोराइड. गवार डिंकाच्या उत्पादनात भारत जगात आघाडीवर आहे.
* तेले व स्निग्ध पदार्थ: खोबरेल, आर्गन तेल, शिआ बटर इत्यादी.
* विघटित प्रथिने आणि पँथेनॉल: प्रथिनांचे लहान तुकडे केसाला चिकटून त्याला तात्पुरता भरीवपणा देतात. दही किंवा अंड्यातील अखंड प्रथिनांचे रेणू मात्र केसात शिरण्यास फार मोठे असतात.

## निवड

भारतात सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० नुसार वेष्टनावर घटकांची यादी देणे आवश्यक आहे. एक टक्क्याहून अधिक असलेले घटक उतरत्या क्रमाने दिले जातात. त्यानंतर एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक कोणत्याही क्रमाने देता येतात. त्यामुळे वेष्टनाच्या दर्शनी भागावर मोठ्या अक्षरांत छापलेले एखादे वनस्पतिजन्य तेल यादीत सुगंधी द्रव्ये व परिरक्षकांच्या आसपास असेल, तर त्याचे प्रमाण अत्यल्प असण्याची शक्यता असते. स्वस्त आणि महाग कंडिशनरांचा पाया बहुधा पाणी, मेदजन्य अल्कोहोल आणि एखादे धनभारित संयुग हाच असतो. म्हणून किमतीपेक्षा यादीतील पहिले पाच-सहा घटक अधिक माहिती देतात.

केसांच्या प्रकारानुसार निवड साधारणपणे पुढीलप्रमाणे केली जाते:

* बारीक पण रंगवलेले केस: हलके, धुऊन टाकण्याचे कंडिशनर. जास्त तेल किंवा बटर असलेल्या उत्पादनाने असे केस चपटे व तेलकट दिसतात.
* जाड, कुरळे आणि कोरडे केस: बेहेनट्रिमोनियम संयुगे, मेदजन्य अल्कोहोल आणि तेले अधिक असलेले घट्ट कंडिशनर. त्यानंतर गरजेनुसार न धुता ठेवण्याचे कंडिशनर.
* ब्लीच केलेले किंवा वारंवार रंगवलेले केस: अमोडायमेथिकोनयुक्त आम्लधर्मी कंडिशनर आणि अधूनमधून जास्त वेळ ठेवण्याचा हेअर मास्क.
* उष्णतेने सरळ केले जाणारे केस: सिलिकोनयुक्त, न धुता ठेवण्याचे उत्पादन.

'रंगीत केसांसाठी' असा उल्लेख असलेल्या उत्पादनांची घटकरचना अनेकदा 'कोरड्या केसांसाठी' असलेल्या उत्पादनांशी मिळतीजुळती असते, कारण दोन्ही प्रकारांत पृष्ठभागाची झीज हीच मुख्य समस्या असते.

सिलिकोनमुळे केस 'गुदमरतात' हा समज निराधार आहे. केस श्वसन करत नाही. पाण्यात न विरघळणारे सिलिकोन साचून केस जड वाटू शकतात, परंतु नेहमीच्या शाम्पूने ते बऱ्याच अंशी निघते. सिलिकोनविषयीचा पर्यावरणीय आक्षेप वेगळा आहे. युरोपीय संघाने धुऊन टाकण्याच्या प्रसाधनांतील डी-४ आणि डी-५ या चक्रीय सिलिकोनांवर ३१ जानेवारी २०२० नंतर ०.१ टक्क्याची मर्यादा घातली.

## वापर

शाम्पूनंतर केसांतील पाणी निथळून कंडिशनर केसांच्या मध्यापासून टोकापर्यंत लावला जातो. टाळूला तो लावण्याची सहसा गरज नसते. एक ते तीन मिनिटांनंतर मोठ्या दातांच्या कंगव्याने गुंता सोडवून केस धुतले जातात. ओला केस जास्त ताणला जातो व लवकर इजा पावतो, त्यामुळे कंडिशनर केसांत असतानाच गुंता सोडवणे हितकारक असते.

बोअरवेलचे पाणी अनेक ठिकाणी दुष्फेन असते. त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम केसांवर बसतात आणि रंगवलेल्या केसांवर ऋणभारित जागा अधिक असल्याने ते अधिक प्रमाणात साठतात. अशा वेळी ईडीटीएसारखे धातू बांधून ठेवणारे घटक असलेला शाम्पू अधूनमधून वापरल्यास कंडिशनरचा परिणाम सुधारतो.

## तेल आणि पारंपरिक उपाय

महाराष्ट्रात न्हाण्यापूर्वी केसांना खोबरेल चोळण्याची आणि शिकेकाई किंवा रिठ्याने केस धुण्याची पद्धत रूढ आहे. दिवाळीतील अभ्यंगस्नानातही तेल लावण्याला महत्त्व आहे. मुंबईच्या मॅरिको कंपनीतील आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी २००३ मध्ये खनिज तेल, सूर्यफूल तेल आणि खोबरेल यांची तुलना प्रसिद्ध केली. तीत केवळ खोबरेलामुळे केसांतील प्रथिनांची हानी लक्षणीयरीत्या कमी झाल्याचे आढळले. खोबरेलातील लॉरिक आम्लाचे रेणू तुलनेने लहान व सरळ असल्याने ते केसात शिरते, असे त्यांचे स्पष्टीकरण होते. हे संशोधन खोबरेल विकणाऱ्या कंपनीतच झाले होते, हेही लक्षात घेतले जाते. धुण्यापूर्वी लावलेले तेल केसाचे फुगणे कमी करते, तर कंडिशनर धुतल्यानंतरचे घर्षण कमी करतो. त्यामुळे दोन्ही परस्परपूरक ठरतात.

कोरफडीचा गर, भिजवलेली मेथी आणि जास्वंदीची पाने यांतील बुळबुळीत द्रव्य केसांवर तात्पुरता लेप तयार करते. मात्र त्यात धनभारित संयुगे नसल्याने हा लेप पाण्याने सहज निघून जातो.

## सुरक्षितता आणि मर्यादा

दुभंगलेली टोके कंडिशनरने काही काळ चिकटलेली दिसतात, परंतु पुन्हा जुळत नाहीत. ती कापणे हाच कायमचा उपाय आहे. कोंडा हा केसांच्या कोरडेपणाचा प्रकार नसून टाळूचा विकार आहे, त्यामुळे तो कंडिशनरने बरा होत नाही. केस मुळापासून गळत असल्यास त्याचे कारण शोधण्यासाठी त्वचारोगतज्ज्ञांचा सल्ला आवश्यक असतो.

सुगंधी द्रव्ये आणि परिरक्षके यांमुळे काहींना मान, कपाळ व कानांमागे खाज किंवा पुरळ येते. मेथिलआयसोथायाझोलिनोन या परिरक्षकामुळे ॲलर्जीचे प्रमाण वाढल्याने युरोपीय संघात २०१७ पासून न धुता ठेवण्याच्या प्रसाधनांत त्यावर बंदी आहे.

रंग लावल्यानंतर टाळूला होणारी आग, सूज किंवा पाणी सुटणारे पुरळ हा कोरडेपणा समजून कंडिशनरने झाकणे धोक्याचे ठरू शकते. ही लक्षणे पॅराफिनिलीनडायमाइनच्या ॲलर्जीची असू शकतात. पुढच्या वेळी तोच रंग वापरल्यास प्रतिक्रिया अधिक तीव्र होण्याची शक्यता असते. अशा रंगांच्या वेष्टनावर वापरापूर्वी त्वचेवर चाचणी घेण्याची सूचना देणे आणि भुवया व पापण्यांना रंग लावू नये असा इशारा छापणे भारतात बंधनकारक आहे.

## हे सुद्धा पहा

* शाम्पू
* मेंदी
* केराटिन
* खोबरेल तेल