शेळीच्या रक्तात चाऱ्याचा हिशेब

शेळीच्या आहारातील उणीव किंवा अतिरेक रक्ताच्या तपासणीत अनेकदा ती आजारी दिसण्यापूर्वीच लक्षात येतो. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात सुमारे १४.८९ कोटी शेळ्या आहेत. त्या प्रामुख्याने अल्पभूधारक व भूमिहीन कुटुंबांचा आधार असल्याने एक गाभण शेळी दगावली, तरी अशा घराचे अर्थकारण कोलमडते.

निरोगी शेळीच्या १०० मिलिलीटर रक्तात साधारणतः ५० ते ७५ मिलिग्रॅम ग्लुकोज असते. हे ग्लुकोज चाऱ्यातून थेट फारसे मिळत नाही. कोटीपोटातील सूक्ष्मजीव चारा आंबवून मेदाम्ले तयार करतात आणि त्यांपैकी प्रोपिऑनिक आम्लापासून यकृत ग्लुकोज बनवते. धान्ययुक्त खुराकातून हे आम्ल अधिक मिळते, तर वाळलेल्या कडब्यातून कमी.

शेळीचा गाभणकाळ सुमारे १५० दिवसांचा असतो. अखेरच्या सहा आठवड्यांत गर्भाची वाढ झपाट्याने होते, मात्र गर्भाशयाच्या दाबामुळे कोटीपोटाला जागा कमी पडते. पोटात दोन-तीन करडे असल्यास ग्लुकोज घटते, शरीरातील चरबी वितळू लागते आणि रक्तात किटोन द्रव्ये साचतात. शेळी खाणे सोडते, सुस्त होते आणि उपचारास विलंब झाल्यास दगावते. त्यामुळे या काळात खुराक वाढविणे आवश्यक असले, तरी तो टप्प्याटप्प्याने वाढवावा लागतो. एकदम भरपूर धान्य दिल्यास कोटीपोटात लॅक्टिक आम्ल वाढून रक्ताचीही आम्लता वाढते.

प्रथिनांचा अंदाज रक्तातील युरिया-नायट्रोजनवरून येतो. त्याचे प्रमाण १०० मिलिलीटरमागे साधारणतः १० ते २० मिलिग्रॅम असते. कोटीपोटात प्रथिनांपासून अमोनिया तयार होतो. सूक्ष्मजीवांना पुरेशी ऊर्जा मिळाली नाही, तर तो वापराविना रक्तात शिरतो आणि यकृत त्याचा युरिया करते. म्हणूनच हा आकडा वाढला, की प्रथिने जास्त झाली किंवा ऊर्जा कमी पडली, अशी शंका घेतली जाते. आहारात मिसळलेल्या युरियाचे प्रमाण चुकल्यास अमोनिया यकृताच्या क्षमतेबाहेर जाऊन विषबाधा होते. लहान करडांना युरिया देऊच नये. याउलट, बाभळीच्या शेंगांतील टॅनिन मर्यादित प्रमाणात प्रथिनांचे कोटीपोटातील विघटन मंदावते आणि अमोनियाची निर्मिती कमी करते.

सुबाभळीचे उदाहरण अधिक बोलके आहे. तिच्या प्रथिनयुक्त पाल्यातील मिमोसिनपासून कोटीपोटात बनणारे द्रव्य थायरॉईड ग्रंथीच्या कार्यात अडथळा आणते व रक्तातील थायरॉक्सिन घटवते. १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियातील शेळ्यांना याचा त्रास झाला, हवाईतील शेळ्यांना मात्र झाला नाही. हवाईतील शेळ्यांच्या कोटीपोटात ते द्रव्य नष्ट करणारे जिवाणू असल्याचे पुढे स्पष्ट झाले. त्यामुळे सुबाभळीचा पाला अन्य चाऱ्यात मिसळून, मर्यादित प्रमाणात देणे श्रेयस्कर ठरते.

रक्ताचा एकच आकडा मात्र निर्णायक नसतो. पकडताना शेळी घाबरली तरी ग्लुकोज वाढते, तर पाणी कमी पडल्यास किंवा मूत्रपिंड बिघडल्यास युरिया वाढतो. म्हणून अहवाल वाचताना शेळीचे वय, गाभणकाळ आणि आधीच्या काही दिवसांतील चारा यांची माहिती पशुवैद्यकाला देणे तपासणीइतकेच महत्त्वाचे आहे.