साखर 'बॉर्डरवर' आहे म्हणजे काय?

शिबिरात बोटातून रक्त घेतात, "साखर बॉर्डरवर आहे" असे सांगतात आणि माणूस निर्धास्त होऊन घरी येतो. मधुमेह झाला नाही ना, मग झाले!

उपाशीपोटी रक्तातली साखर 100 च्या आत हवी. ती 126 किंवा जास्त आली, पुन्हा तपासूनही तेवढीच आली, तर मधुमेह. मधली 100 ते 125 ही मधुमेहाच्या आधीची पायरी. तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या एचबीएवनसी तपासणीत हाच आकडा 5.7 ते 6.4 असतो. या पायरीवर सहसा काहीच दुखत-खुपत नाही. तहान नाही, सारखी लघवी नाही. म्हणून तपासल्याशिवाय ती कळत नाही.

"मी बागेत आंब्याच्या पेट्या उचलतो, अंगावर मांस नाही, मला कुठली साखर?" असे जामसंड्यातला गडी म्हणेल. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि एका ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो छापला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच. पण ब्रिटिश डॉक्टरांच्या अंगात चरबी 9 टक्के, याज्ञिकांच्या 21 टक्के! पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळेही त्यांनी मोजली. वजनाला कमी, पण चरबी त्यामानाने टिकून. आईला पुरेसे खायला मिळाले नाही तर त्याची खूण बाळाच्या शरीरावर राहते. आपल्या वस्त्यांनी किती पिढ्या अर्धपोटी काढल्या, हे वेगळे सांगायला नको. बारीक अंगावर विसंबू नका.

या पायरीवरून मागे फिरता येते. चेन्नईत अशा 531 जणांवर तीन वर्षे अभ्यास झाला. नुसता नेहमीचा सल्ला मिळालेल्यांपैकी 55 टक्के मधुमेही झाले. आहार आणि चालणे सांभाळणाऱ्यांपैकी 39 टक्के. पूर्ण हमी नाही, पण फरक मोठा आहे.

भात सोडा असे कोकणात सांगून उपयोग नाही. भाताचा एक वाढा कमी करा, त्या जागी कुळीथ, भाजी, मासळी वाढवा. चहातली साखर निम्मी करा. मोसमात आंबा कापून थोडा खा, साखर घातलेला आमरस वाटी वाटी नको. रोज अर्धा तास झपझप चाला. पेट्या उचलल्या म्हणून चालणे झाले असे धरू नका.

वय तिशीपुढे असेल तर सरकारी आरोग्य केंद्रात तपासणी मोफत होते, आशाताईंना विचारा. आकडा बॉर्डरवर आला तर दरवर्षी पुन्हा तपासा. आणि बाळंतपणात जिची साखर वाढली होती, तिने बाळंतपणानंतर सहा ते बारा आठवड्यांत तपासून घ्यावे. "बाळ झाले, साखर गेली" असे म्हणून बहुतेकजणी तिकडे फिरकत नाहीत.