मैदानावर दागिने नकोत

गेल्या पावसाळ्यात आठवीतली एक मुलगी कानाला रुमाल दाबून वडिलांबरोबर दवाखान्यात आली. शाळेत बास्केटबॉलचा सराव चालू असताना चेंडूसाठी दोघी एकदम उडाल्या. मैत्रिणीचे बोट हिच्या कानातल्या रिंगेत अडकले आणि कानाची पाळी खालपर्यंत फाटली. मी टाके घातले, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले. जाताना वडील हळूच म्हणाले, "डॉक्टर, मागच्या सामन्यात पंचांनी हिला रिंगा काढायला लावल्या, तेव्हा मीच त्यांच्याशी भांडलो होतो."

पालकांनो, पंच मनमानी करत नव्हते. बास्केटबॉलच्या आंतरराष्ट्रीय नियमांत दागिन्यांना मनाई आहे, नखेही बारीक कापलेली लागतात. आपल्या कबड्डीतही हाच दंडक आहे. अमेरिकेतील हायस्कूल बास्केटबॉलच्या नियमांत धार्मिक पदक आणि आजाराची माहिती देणारे पदक एवढीच सूट आहे, पण तीही ते पदक चिकटपट्टीने पक्के बसवले तरच.

अंगठीचा धोका सर्वांत मोठा

अंगठी जाळीच्या आकड्यात किंवा दुसऱ्याच्या कपड्यात अडकली आणि शरीराचे वजन खाली आले, की बोटाची कातडी मोज्यासारखी सोलून निघू शकते. त्याबरोबर रक्तवाहिन्या आणि मज्जातंतूही तुटतात. कधी कधी बोट कापावे लागते. हातातले कडे दुसऱ्याच्या भुवईवर बसते, गळ्यातला गोफ किंवा ताईताचा दोरा ओढला गेला तर गळा आवळतो.

"वरून पट्टी चिकटवली तर?" असे बरेच जण विचारतात. पट्टीने अंगठीवरचा ताण कमी होत नाही. कुडीवर चेंडू बसला तर मागची दांडी कानामागे रुततेच.

दुखापत झालीच तर

चेंडू लागून बोट दुखावले, तर सूज चढण्यापूर्वी अंगठी काढावी. साबणाचे पाणी किंवा तेल लावावे, हात वर धरावा. तरीही निघाली नाही तर ओढाताण न करता लगेच डॉक्टरांकडे जावे. अंगठी कापून काढता येते आणि पुन्हा घडवताही येते, बोटाचे तसे नाही. कान फाटला तर स्वच्छ कापडाने दाबून धरावा आणि त्याच दिवशी टाके घालून घ्यावेत. बोटाचा तुकडा पडलाच, तर तो ओल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावा. ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवून ताबडतोब मोठे रुग्णालय गाठावे. तुकडा थेट बर्फावर ठेवू नये.

आधीच काळजी घ्या

नव्याने टोचलेल्या पाळीचे भोक भरून यायला साधारण 6 आठवडे लागतात, तोवर दागिना काढता येत नाही. म्हणून खेळाडू मुलांचे कान वार्षिक परीक्षा संपताच टोचावेत, म्हणजे शाळा सुरू होईपर्यंत जखम भरते. भिकबाळी कूर्चेत असते, ती जखम भरायला कित्येक महिने लागतात. सामन्याच्या दिवशी दागिने घरीच ठेवावेत, म्हणजे हरवण्याचीही भीती नाही. मुलाला मधुमेह किंवा फिट्सचा आजार असेल, तर क्रीडाशिक्षकांना तसे लिहून द्यावे.

कान सोनारानेच टोचावेत असे म्हणतात. मैदानावर मात्र ते पंचांनी टोचले तरी पालकांनी राग मानू नये.